नव्वद दिवस

आंबवड्यात संस्थानकाळातला एक झुलता पूल आहे. गावात येणारा माणूस आधी त्यावर उभा राहून सेल्फी काढतो. मामा मात्र लहानपणी मला थेट नागेश्वराच्या देवळात न्यायचा आणि दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवायला लावायचा. मामा गवंडी. ओळंबा, थापी, गुरमाळा एवढ्या भांडवलावर त्याने पुण्यात तीस वर्षं काढली.

आता त्या साइट्सवर मिवान आलंय. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करायचे, भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे, साचे वरच्या मजल्यावर चढवायचे. वीट नाही, प्लास्टर जवळपास नाही. मामाला तिथे काम मिळालं ते साचे काढल्यावर राहिलेली भोकं बुजवायचं. "भिंतीला माझा हातच लागत न्हाय," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, नवल वाटल्यासारखा.

मी यंत्राच्या विरोधात नाही. मामीने डोक्यावरून घमेली वाहून मानेचं जे दुखणं आणलंय, ते पाहिलेला कुणी नसेल. आणि मामाचा धंदाही दुसऱ्याच्या धंद्यावरच उभा राहिलेला. सिमेंट आलं तेव्हा चुन्याच्या घाण्या बंद पडल्या, काँक्रीट आलं तेव्हा दगड घडवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. त्यांचं काय झालं, हे मामाच्या पिढीने फारसं विचारलं नाही.

पण 1996 साली आपण एक गोष्ट कायद्यात लिहून ठेवली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा. महाराष्ट्रात त्यासाठीचं मंडळ 2011 मध्ये झालं. यातली गंमत नीट बघा. उपकर मजुरीवर नाही, इमारतीच्या खर्चावर आहे. शंभर माणसांनी बांधा नाहीतर वीस माणसांनी, खर्च तेवढाच असेल तर इमारत तेवढंच देणं लागते. म्हणजे यंत्र आलं तरी देणं संपत नाही, हे कायद्याने मान्य केलंय, कदाचित नकळत.

घेणाऱ्याची अट मात्र वेगळी आहे. वय 18 ते 60, आणि गेल्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम. ज्याचं काम यंत्राने खाल्लं, त्याचेच दिवस भरत नाहीत. पैसे इमारतीच्या हिशेबाने जमतात, माणूस मात्र दिवसांच्या हिशेबाने बाद होतो.

हमालांना 1969 चा माथाडी कायदा मिळाला, कारण अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी बांधलेली संघटना मागे होती. हमाल रोज त्याच बाजारात भेटतात. गवंडी दर चार महिन्यांनी नव्या साइटवर, नव्या मुकादमाखाली. संघटना बांधायला आधी एकमेकांची नावं तरी माहीत हवीत ना!

मामाचा फॉर्म मी भरतो. मामेबहीण डिप्लोमाला आहे, तिची शैक्षणिक मदत त्याच नोंदणीवर अवलंबून. यंदा कॅलेंडरवर 72 खुणा आहेत. मी म्हटलं, "मामा, ठेकेदार ओळखीचा आहे, 90 लिहून देईल. चोरी थोडीच आहे? तीस वर्षं दिलीत तुम्ही."

माझा युक्तिवाद मला अजूनही पटतो. देणं खरं असेल आणि फक्त मोजायची पट्टी चुकीची असेल, तर पट्टीला फसवण्यात पाप कसलं? मामाने वाद घातला नाही. "ओळंबा एकदा वाकडा धरला ना, की वरची सगळी भिंत त्याच अंगाने जाते," म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण पोरीची फी कधी भरायचीय?"

नूतनीकरण डिसेंबरात आहे. भोरला कुणाच्या तरी घराचं प्लास्टर निघालंय म्हणतात, आठ-दहा दिवसांचं. उरलेल्या दिवसांचा रकाना मी अजून रिकामाच ठेवलाय.