घर किती पगारांचे?

घराची किंमत रुपयांत सांगू नये, पगारांत सांगावी. १९७७ साली एचडीएफसी निघाली, तरी वडिलांचा विश्वास फंडावरच. निवृत्तीनंतर त्यांनी पाटसला घर बांधले, पाच वर्षांच्या पगारात. पुढे पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला. आज तेच घर माझ्या बारा वर्षांच्या पगाराचे आहे. घर तेच, गळतेही तिथेच! भाव वाढला म्हणून सौभाग्यवतींनी पेढे आणले. मीही चार बँकेत नेले.

दुपारी एक तरुण घरकर्जाला आला. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांत, लाखामागे दोन लाख आठ हजार फेडायचे, हे मी त्याला समजावले. त्याचा चेहरा उतरला. आमच्या घराची वाढलेली सात वर्षे असल्याच कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होणार, हे तेव्हा ध्यानात आलं. ड्रॉवरमधला पेढा मी पुढे केला.

"कशाबद्दल, साहेब?"

मला काही सांगवेना.