पेरूचा हिशेब

सवर्ण मित्र असावा का, असा सवाल परवा अंबरनाथच्या अभ्यासवर्गात एका पोराने टाकला. कुणी म्हणालं, असावा, पण विश्वास ठेवू नये. हे कसलं उत्तर? विश्वास नाही तर मित्र कशाला म्हणायचं? मला प्रेमचंदांची 'गुल्ली-डंडा' आठवली.

गोष्टीत दोन पोरं. एक ठाणेदाराचा, तोच गोष्ट सांगतो. दुसरा गया, जातीने चांभार, विटीदांडूत भारी. एकदा ठाणेदाराच्या पोरावर डाव येतो. दमल्यावर तो डाव न देताच सटकू लागतो. गया अडवतो. तेव्हा हा म्हणतो, काल मी तुला पेरू दिला होता, तो परत दे. बघा! खेळातल्या हक्काच्या बदल्यात खाल्लेला पेरू मोजतो. गया त्याला दांड्याने हाणतो. हलक्या जातीच्या पोराचा मार खाल्ला याची त्याला लाज वाटते, पण घरी जाऊन तो चुगली करत नाही. बाप ठाणेदार होता, दोस्त हो. एक शब्द पुरला असता. माझ्या मते त्या दोघांतली खरी दोस्ती तेवढीच, त्या न केलेल्या चुगलीएवढी.

वीसेक वर्षांनी तो इंजिनियर होऊन परत येतो. गया साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार झालेला. दोघे पुन्हा खेळतात. इंजिनियर सरळ लबाडी करतो, गया ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी बरोबरीच्या गड्यांत गयाचा खेळ बघून याला कळतं, काल हा खेळलाच नव्हता, साहेबाला खेळवत होता. दांड्याने हाणत होता तोवर गया त्याला आपल्या जोडीचा समजत होता.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तल्या (2013) जब्या-पिऱ्याचं निराळं. गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे हिंडणारे ते दोघे एकाच धुळीतले. पण डुक्कर धरताना जब्याला हसणारी पोरंही त्याच्याच शाळेतली. एका शाळेत बसून दोस्ती होत नाही, हे आपल्याला सिनेमाआधीही ठाऊक होतं.

माझंही सांगतो. 1978 साली आम्ही दोघे सोळा वर्षांचे, उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावीला. तो बदलापूरचा, मी अंबरनाथचा. 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळू लागल्या. हा म्हणाला, नाव बदलून पोटं भरणार का? अंबरनाथच्या फलाटावर मी त्याची कॉलर धरली. तर म्हणतो कसा, माझ्या आईने तुला आमच्या घरात पानावर बसवून जेवायला घातलं, ते विसरलास? आला की नाही पेरू! दोन वर्षं आम्ही बोललो नाही. 1980 ला माझा बाप गेला तेव्हा तो स्मशानात शेवटपर्यंत उभा होता. फलाटाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. 14 जानेवारी 1994 ला तो पेढे घेऊन घरी आला, तर नामांतर की नामविस्तार यावरून आम्ही पुन्हा कचाकचा भांडलो. मजा आली.

हल्ली तो भांडत नाही. मी काहीही बोललो तरी मान डोलावतो, तुझं बरोबर आहे म्हणतो. माझ्याआधी 'जय भीम' घालतो. साला, हा खेळतोय की मला खेळवतोय?

आणि मी तरी काय करतोय? गेल्या महिन्यात पोराच्या लग्नाची जाहिरात लिहून त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. शुद्धलेखन बघ म्हणाला. पहिल्याच ओळीत 'स्वजातीय'. चहा आला होता. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

येत्या रविवारी बदलापूरला जाणार आहे. लग्न अजून जमलेलं नाही.