काढले, तरी उरले

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन लिनक्समध्ये आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूमध्ये टर्मिनलवरून पॅकेज काढण्याच्या दोन कमांड आहेत. ‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण त्याच्या कॉन्फिगरेशन फाइली मागे राहतात, ‘ॲप्ट पर्ज’ने त्याही जातात. नुसते ‘रिमूव्ह’ केलेले पॅकेज ‘डीपीकेजी’ या ॲप्टखालच्या मूळ साधनाच्या यादीतून पुसले जात नाही. त्याच्यापुढे ‘आर’ आणि ‘सी’ ही अक्षरे उमटतात. पहिले इच्छा सांगते: काढून टाकावे. दुसरे स्थिती सांगते: कॉन्फिगरेशन शिल्लक आहे. एखादी गोष्ट ‘गेली’ असे केव्हा म्हणावे, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न या दोन अक्षरांत आहे.

असे पॅकेज महिन्याभराने पुन्हा बसवले, की ते जुन्या सवयींसकट जागे होते. म्हणजे ‘रिमूव्ह’ हे मरण आहे, मुक्ती नव्हे. असंग आणि वसुबंधू यांच्या योगाचार परंपरेत कर्माची बीजे आलयविज्ञानात साठतात आणि पुढच्या जन्मी फळतात, ते असेच.

निब्बानाचा, म्हणजे निर्वाणाचा, क्रम उलटा आहे. आधी बीज जळते, देह मागाहून पडतो. तृष्णा विझली पण देह चालू आहे, ते सउपादिसेस निब्बान. देहही गेला, ते अनुपादिसेस. ‘उदान’ या पाली ग्रंथातला बाहिय दारुचीरिय सुप्पारकच्या समुद्रकाठी राहत असे. तेच आजच्या वसई-विरारमधले नालासोपारा. श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या बुद्धांना त्याने रस्त्यातच गाठले, पुन्हापुन्हा विनवून उपदेश मिळवला आणि ऐकता ऐकताच तो आसवांतून, म्हणजे चित्ताच्या मळांतून, सुटला. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने त्याला मारले. दोन निब्बानांमधले अंतर इतके थोडे. कॉन्फिगरेशन काढून प्रोग्राम मात्र चालता ठेवणारी कमांड ॲप्टमध्ये नाही.

आता गरज न उरलेली पॅकेजे काढणाऱ्या ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’चा प्रश्न निराळा. कोणते पॅकेज माणसाने मागितले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, याची ॲप्ट नोंद ठेवते. मागितलेल्यांपासून निघून गरजेचे धागे तपासले जातात. ज्याच्यापर्यंत एकही धागा पोचत नाही, ते काढण्याजोगे. दोन पॅकेजे केवळ एकमेकांच्या आधाराने उभी असली, तर दोन्ही जातात. संयुत्त निकायात बुद्धांचे शिष्य सारिपुत्त विज्ञान आणि नामरूप यांना परस्परांना टेकलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा देतात: एक ओढली की दुसरी पडते. पण साम्य इथवरच. यंत्राच्या हिशेबात ‘मागितले’ हे मूळ. मागणारा पडद्याबाहेर बसलेला, त्याला कारण कोणी विचारत नाही. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे बौद्ध कार्यकारणसाखळीच्या, बारा कड्यांत तृष्णा आठवी आहे. तिच्याआधी वेदना, तिच्याआधी स्पर्श. तिथे मागणाराही साखळीतच असतो.

‘पर्ज’सुद्धा सगळे पुसत नाही. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींना ती हात लावत नाही. त्या पॅकेजच्या मालकीच्या नसतातच. माणसाचेही काही मागे उरते: बाहियचे दहन करून स्तूप बांधायला बुद्धांनी भिक्षूंना सांगितले. त्याच्या सोपाऱ्यातही ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात, तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उघडला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. ते बुद्धांच्या पात्राचे मानले गेले. ते जपून ठेवणारे मात्र मागे राहिलेले लोक होते.