राजांवरच्या सिनेमाला नावं ठेवावीत का?

संभाजीराजांवरचा 'छावा' सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि पाचच दिवसांनी शिवजयंती आली. त्या दिवशी शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते; त्यामुळे जुन्नर काय, मंचर काय, चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघणंच कठीण. शिवाय तुलनेला घरचंच माप हाताशी होतं. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेतले संभाजीराजे, म्हणजे डॉ. अमोल कोल्हे, मूळचे नारायणगावचे आणि आता इथलेच खासदार. तेव्हा सिनेमातला विकी कौशल भारी की आपले डॉक्टर, हा सामना ठरलेलाच.

एक जण म्हणणार, शेवट बघवत नाही. दुसरा म्हणणार, ते खरं, पण कथा कुठंय, नुसत्या लढाया; आणि रेहमानचं संगीत त्या काळाचं वाटतं का? मग तिसरा आवाज चढतो : "राजांवरचा पिक्चर आहे, नावं ठेवू नको." वाद तिथंच मिटतो. म्हणजे मिटवला जातो.

या तिसऱ्याला उडवून लावणं सोपं आहे, पण त्याच्या बोलण्यात जुना प्रश्न दडलेला आहे. जे पूज्य आहे त्याचं सोंग पाहताना माणूस भक्त असतो की रसिक?

काश्मीरचा शैव आचार्य अभिनवगुप्त याने हजार वर्षांपूर्वी नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना यावर विचार केला. रंगमंचावरचं दुःख 'माझं' किंवा 'त्याचं' उरत नाही, सगळ्यांचं होतं, तेव्हाच त्याचा करुण रस होतो. 'छावा'ने या सिद्धांताची परीक्षाच घेतली. गणोजी आणि कान्होजी शिर्के पडद्यावर फितूर दिसले, शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना माफी मागावी लागली. आपल्याच घराण्याचा माणूस समोर गद्दार ठरत असताना दुःख सगळ्यांचं कसं व्हायचं? त्याआधी जानेवारीत ट्रेलरमधल्या लेझीमवरून गदारोळ झाला आणि ते दृश्य कापलं गेलं. राजे लेझीम खेळले की नाही यापेक्षा राजांनी असं नाचताना दिसावं का, हीच खरी बोच होती. ती भक्ताची बोच, समीक्षकाची नव्हे.

गंमत अशी की याच मुलखाला देवाच्या सोंगाची पारख करायची जुनी सवय आहे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. यात्रांच्या हंगामात गावकारभारी इथल्या राहुट्यांवर सुपारी द्यायला येतात. फडात आधी गण, मग गवळण. कृष्ण वाट अडवतो, मावशी त्याची यथेच्छ टर उडवते, माणसं पोट धरून हसतात. देवाचा अपमान झाला म्हणून कुणी उठून जात नाही. उलट गवळण पडली तर पुढच्या वर्षी त्या फडाला सुपारी मिळत नाही. सप्ताहातल्या कीर्तनाचंही तेच. महाराज आज भरकटले, असं म्हणत घरी जाणारा वारकरी विठ्ठलाला काही कमी लेखत नसतो. इथल्याच आळे गावी ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. तिच्यावर डोकं टेकवणाऱ्याने 'प्रभात'च्या १९४०च्या 'संत ज्ञानेश्वर'मधला वेद बोलणारा रेडा पाहून ट्रिकसीन जमलाय का, असं विचारलं, तर समाधीचं काय बिघडतं?

अर्थात कृष्णाची वाटमारी ही लीला आहे, १६८९ सालचे राजांचे हाल ही लीला नव्हे. इथे तिसऱ्याचं थोडं मान्य करावंच लागतं : त्या प्रसंगी कॅमेऱ्याचा कोन बघत बसणारा माणूस जरा विचित्रच. पण वढू-तुळापूरची हकिकत लहानपणापासून ऐकलेला प्रेक्षक निम्मे अश्रू घरूनच घेऊन आलेला असतो. त्यांचं श्रेय दिग्दर्शकाला किती द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. २०२४च्या फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकरांचा 'शिवरायांचा छावा' आला होता. राजे तेच, भक्तीही तीच. दोन्हींत उजवा कुठला, असं त्या तिसऱ्यालाच विचारून बघावं. उत्तर द्यायला त्याला क्षणही लागत नाही.