निवडीआधीचा आकडा

बारावीनंतर बीबीए कुठे करावं, असं विचारत भाचीने यादी पुढे केली: बंगळुरूतली क्राइस्ट आणि सेंट जोसेफ्स कॉमर्स कॉलेज, पुण्याचं बीएमसीसी. (१९४३ सालचं ते कॉलेज, त्याच्या बाजूने आजी.) तिला तिन्हींना एकच पट्टी लावायची होती. सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते, पण विद्यापीठं आणि कॉलेजं यांच्या याद्या वेगळ्या. शिवाय पाच निकषांपैकी एक ‘परसेप्शन’, म्हणजे लोकांच्या मनातली प्रतिमा. लोक चांगलं म्हणतात म्हणून गुण, आणि गुण आहेत म्हणून लोक चांगलं म्हणतात.

भाषांतर करताना मीही दिवसभर पर्याय तोलते. ‘घर’, ‘सदन’, ‘बिऱ्हाड’ यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मला पडत नाही. समोरचं वाक्यच शब्द मागून घेतं. भाचीपुढे अजून वाक्य नाही. जिच्यासाठी ती निवडते आहे ती बाई पुढे घडायची आहे, आणि तिला घडवण्यात या कॉलेजाचाही हात असणार. म्हणून ‘तुला आवडेल ते घे’ हा आपला उदार सल्ला मला जरा चलाख वाटतो. उद्या आवड बदलली तर दोष तिचा, आपण मोकळे.

भावोजींनी शैक्षणिक कर्जाचा आकडा तिच्यापासून लपवला होता. तिच्यावर दडपण नको म्हणून. मला ते पटेना. दुसरा काय सोसणार आहे हे कळू न देता करवून घेतलेल्या निवडीला स्वतंत्र कसं म्हणायचं? बराच वाद झाला. शेवटी त्यांनी कागद टेबलावर ठेवला. तिने तो दोनदा वाचला आणि हप्ते किती वर्षं चालतील ते विचारलं.