उकळायचं की भिजवायचं?

पाऊस सुरू झाला, घरात कुणाचं अंग तापलं, की काढ्याची आठवण होते. गुळवेल, काडेकिराईत, तुळस, गवती चहा ही नावं आपल्याला पाठ असतात. कृती मात्र अंदाजाने चालते.

‘शार्ङ्गधरसंहिता’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ याबाबत फार काटेकोर आहे. काढ्याला औषधाच्या सोळापट पाणी, तेही आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. फांट असेल तर गरम पाण्यात घालून नुसतं गाळायचं. आणि हिम असेल तर विस्तव नाहीच. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून प्यायचं. उन्हाळ्यात आपण धण्याचं पाणी करतो, ते हिमच.

हा फरक किती मोठा, ते चीनमध्ये दिसलं. तिथे १९६७ साली हिवतापावरच्या औषधाचा शोध सुरू झाला. संशोधिका तू यूयू ‘चिंगहाव’ या वनस्पतीचे अर्क तपासत होत्या. ही आपल्या दवण्याच्याच कुळातली. पण गुण कधी यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या को हुंग यांच्या ग्रंथात त्यांना कृती सापडली : मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नव्हता! उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ताडलं आणि सुमारे ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांचा हिवताप त्याने पूर्ण आटोक्यात आला. पुढच्या वर्षी, रुग्णांच्या आधी, त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच पानांच्या चहावर मात्र हिवतापात विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातून पुरेसं औषध पोटात जाईलच, याची खात्री नसते.

आपल्या मोबाइलवर फिरणारे संदेश झाडाचं नाव तेवढं सांगतात. कृती जाणणाऱ्या आज्या आणि वैदू अजून गावांत, पाड्यांवर आहेत. त्यांच्यापाशी बसून मापासकट लिहून घ्यायला हवं. गुळवेलीचं पान की कांड? ओलं की सुकं? किती दिवस? कोणता ताप दिसला की काढा बाजूला ठेवून रक्त तपासायला धाडायचं? आणि गवती चहा उतरवल्यावर भांड्यावर लगेच झाकण का? त्यातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाऊ नये, म्हणून.