ठेवीचा धर्म

व्यापाऱ्याने विधिमंडळात बसावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे राजकारणाचा म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः तो धर्माचा प्रश्न आहे. ज्याचे आयुष्य लाभहानीचा हिशेब मांडण्यात गेले, त्याच्या हाती सर्वांस बांधणारे कायदे करण्याचा अधिकार आला असता त्याची बुद्धी कोणत्या बाजूस झुकेल, ही शंका आपल्या पूर्वजांसही छळत असली पाहिजे; एरवी वर्णव्यवस्थेत पालन एकाकडे आणि वाणिज्य दुसऱ्याकडे असे त्यांनी इतक्या कटाक्षाने सोपविले नसते. ती व्यवस्था अन्यायाची होती आणि ती मोडली हे इष्टच झाले. शंका मात्र उरली.

या संदर्भात मला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे चरित्र विचारार्ह वाटते. मुंबईतील या घराण्याची पत अशी, की अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकांपेक्षा नानांच्या हवाली करणे अधिक सुरक्षित मानीत. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेणारे, मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यात जागा देणारे हे गृहस्थ, १८६१ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यास जे कायदेमंडळ मिळाले, त्याच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी होते. सभासदत्वाची सनद गव्हर्नरची. लोकांनी निवडून दिलेला एकही मनुष्य तेथे नव्हता. परंतु हेच नाना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे संचालक होते, आणि तिच्या भागधारकांस सरकारने शेकडा पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्या लोहमार्गाने लोकांची सोय झाली हे जितके खरे, तितकेच कमी पडलेल्या नफ्याची भरपाई रयतेच्या करातून व्हावयाची होती हेही खरे. नानांच्या निष्ठेविषयी मला संशय नाही. पण लोकहित आणि स्वहित एकाच पात्रातून वाहू लागले म्हणजे त्यांतील पाणी निराळे करणे साधुपुरुषासही कठीण जाते.

यावर संपत्तीचा त्याग हा उपाय सुचविला जातो. मला तो पटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजलीसारख्या तपस्व्यास धर्म समजून घेण्यासाठी वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागले, आणि त्या वाण्याने दुकान न सोडता, सर्व भूतांस समान असलेल्या आपल्या तराजूच्याच आधारे त्यास उपदेश केला. दोष धनात नाही, दुसऱ्याची वस्तू आपली मानण्यात आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा, विचार येतो. याज्ञवल्क्य तर अधिक स्पष्ट आहे: राजाने नेलेली, दैवाने नष्ट झालेली किंवा चोरांनी लुटलेली ठेव सांभाळणाऱ्याकडून वसूल करू नये, परंतु जो स्वेच्छेने तिच्यावर उपजीविका करील त्यास दंड करावा आणि ठेव लाभासह परत देववावी. आमदारकी ही अशीच ठेव आहे; ती सांभाळण्यासाठी दिलेली असते, वापरून खाण्यासाठी नव्हे.

आजचा कायदा हे काही अंशी मान्य करतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ९-अ प्रमाणे, ज्याने आपल्या धंद्याच्या ओघात सरकारला माल पुरविण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार केला आहे आणि तो करार चालू आहे, असा मनुष्य सभासदत्वास अपात्र ठरतो. पण कायद्याचे बोट कराराच्या कागदावर पडते. मेहुण्याच्या किंवा भागीदाराच्या नावे घेतलेल्या मक्त्यापर्यंत ते क्वचितच पोचते. तेथे ठेवीचा धर्म ज्याचा त्यानेच पाळावयाचा असतो, आणि तो पाळला जातो की नाही हे ठेवीदारांनी पाहावयाचे असते. उमेदवारास आता आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत द्यावे लागते आणि ते कोणासही वाचता येते. तेव्हा जो दुसऱ्यांदा मत मागावयास येईल, त्याची पहिली आणि दुसरी अशी दोन्ही प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचावीत, आणि मगच मत द्यावे, एवढी माझी वाचकांस विनंती आहे.